घराबाहेर गेलेलं पुरण

पांढुर्णा, १२ ऑगस्ट

छायास,

आशीर्वाद लिहीत नाही. राग अजून गेलेला नाही, आणि मनात नसताना कागदावर आशीर्वाद देणं म्हणजे दुकानातलं पितळ सोनं म्हणून विकणं. ते मला जमत नाही.

सहा वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांसमोर हात जोडून मी म्हणाले होते, ह्या जन्मी धाकटीशी बोलणार नाही. लिहिणार नाही असं काही म्हणाले नव्हते. तेव्हा फोन करू नकोस, मी उचलणार नाही. उत्तर लिहिलंस तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. टपाल दुपारी येतं, तेव्हा भांड्यांच्या दुकानात मी एकटीच असते. माझा नितीन जेवायला घरी गेलेला असतो.

कामाचं लिहिते. काल नितीन हेमराजला घेऊन आला. आपल्या समोर ज्याचं मोबाईलचं दुकान आहे तो. आता तो दुकानात कमी आणि मोर्च्यात जास्त दिसतो. खुर्चीवर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "मावशी, त्या हिरामण पास्टरनं तुमच्या बहिनीले फूस लावून ख्रिश्चन केलं. आता जेवनाचं आमिष दाखवून सौंसरच्या गरिबाइले बाटवून राहिला तो. आपल्याले फक्त घरच्या मानसाची तक्रार पाहिजे."

त्याला वकिलानं सांगितलं आहे की धर्मांतराच्या कायद्यात बाहेरच्यानं अर्ज दिला तर तो टिकत नाही. आईबाप, भाऊ-बहीण, असं रक्ताचं माणूस लागतं. आपले आईबाबा गेले. भाऊ आपल्याला नव्हताच. उरले कोण, ते तुला सांगायला नको. मी सही केली की हिरामण आत आणि तुम्ही गरिबांना जेवू घालता ती शेड बंद. नितीनला येत्या निवडणुकीत वॉर्डाचं तिकीट हवं आहे, आणि ते हेमराजच्या शब्दावर आहे.

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. आधी तुला कळवावं असं वाटलं. का वाटलं ते विचारू नकोस.

विजया

पांढुर्णा, १८ ऑगस्ट

छाया,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. "ताई, तू लिहिलंस हेच खूप. तक्रारीचं तुला योग्य वाटेल ते कर. गुडघा कसा आहे?"

गुडघा! तुझ्या त्या गुरूला जेलात घालायची भाषा चालली आहे आणि तुला माझा गुडघा सुचतो. रड, भांड, शिव्या घाल, पण असं गोड बोलून मला वाईट ठरवू नकोस. लहानपणापासून तुझी हीच खोड. मी ओरडायची आणि तू गप्प बसायचीस, मग मार मलाच.

योग्य काय वाटतं ते सांगू? सही करावी असं वाटतं.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. आपल्या घरची रीत आईच्या सासूपासूनची, आणि नितीनचे बाबा घरजावई म्हणून आले तेव्हा ती माझ्याकडे आली. महालक्ष्म्यांचं जेवण घरात या आणि पोटभर जेवा, पण एक शितही उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. उरलंसुरलं, उष्ट्या पत्रावळी, सगळं परसातल्या खड्ड्यात पुरायचं. लक्ष्मी घरची घरात राहते. कापसाच्या जिनिंगच्या मजुरांची पोरं त्या दिवशी फाटकाशी उभी असायची. आत ये म्हटलं तर येत नव्हती आणि बाहेर द्यायची सोय नव्हती. तुला ते लहानपणापासून टोचायचं, हे मला ठाऊक आहे. पण मोठी झालीस, शाळेत मास्तरीण झालीस, आणि त्या वर्षी सगळे निजले असताना तू पुरणाचं पातेलं उचललंस आणि झोपड्यांवर वाटून आलीस. विचारलं तेव्हा म्हणालीस, "पुरण पुरायचं कशाला, ताई? ते पोरांच्या पोटातच बरं." दिवाळी व्हायच्या आत नितीनचे बाबा दुकानात बसल्या बसल्या गेले. पाणीसुद्धा मागितलं नाही.

तू म्हणशील, हृदयाचा झटका होता. डॉक्टरही तेच म्हणाला. पण मी काय करू? मला दोन्ही गोष्टी एकत्रच दिसतात. आणि तेरावं झालं, तोच तू हिरामणकडून बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घेतलंस आणि सौंसरला निघून गेलीस. रडायला मला बहीण हवी होती, छाया.

आणि आम्ही काय गरिबाला देत नाही? दर अमावस्येला माझ्या पायरीवरून कोणी रिकाम्या हातानं गेलं असेल तर दाखव. तुमच्या देवाला वाटतं, दया त्यानंच शोधून काढली.

विजया

पांढुर्णा, २१ ऑगस्ट

छाया,

काल मी सौंसरला आले होते.

नितीननं धाडलं. म्हणाला, "आई, तू सोताच्या डोयानं पाह्य. प्रार्थना घेतल्याबिगर ते जेवू देत नाही, हे तुनं सांगतलं तर केस पक्की होते." उर्वशीची जुनी साडी नेसले. सून आहे, पण एक शब्द विचारला नाही तिनं, फक्त पदराला पिन लावून दिली. तोंडावर पदर घेतला आणि रामाकोन्याच्या रस्त्यावर तुमच्या त्या कापसाच्या जुन्या गोदामापाशी उतरले.

दारात हिरामण लोटा घेऊन उभा होता. मी तर त्याला मोठा रुबाबदार समजत होते. हा तर वाळलेला म्हातारा, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं माझ्या हातावर पाणी घातलं. कोण, कुठली, कोणत्या जातीची, काही विचारलं नाही. "बसा जी," म्हणाला. मी बसले. एका बाजूला वीटभट्टीवरची बाई तिच्या दोन लेकरांसह, दुसऱ्या बाजूला बोरगावची देवकाबाई म्हणून एक म्हातारी. तिचा मुलगा नागपूरला गेला तो तिकडचाच झाला.

मी कान टवकारून बसले. आता प्रार्थना सुरू होईल, मग सुरू होईल. भाकरी आली, वरण आलं, लोक जेवायला लागले. शेवटी मीच देवकाबाईला विचारलं, "प्रार्थना कवा होते व बाई?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "काह्याची प्रार्थना? जेवा न घरी जा. त्याइची प्रार्थना आपन गेल्यावर होते. मी एक डाव म्हनलं, बाबा, मीबी बसतो. तं बुढा म्हने, देवकाबाई, आज तुमी जेवल्या हा, आज नाही. ज्या दिवशी जेवाले नसान आल्या त्या दिवशी या."

मला ते खोटं वाटलं. म्हणून जेवण झाल्यावर मी मागच्या बाजूला चिंचेखाली थांबले. सगळे गेले, तुम्ही पाचसहा जणांनी भांडी घासली, मग दार लोटून घेतलंत आणि आतून गाणं ऐकू आलं. कोणाला भाकरीच्या मोबदल्यात देव घ्यावा लागू नये म्हणून तुम्ही दार लावता, आणि हेमराजच्या मोबाईलमध्ये त्याच लोटलेल्या दाराचा व्हिडिओ आहे. "पाहा, लपूनछपून काय चालते," म्हणून तो गावभर दाखवतो. तुमच्या चांगुलपणालाही काही अक्कल नाही. दार उघडं ठेवायला काय होतं?

आणि एक. वांग्याची भाजी तूच वाढत होतीस. सगळ्यांना वाढलीस. माझ्या पत्रावळीपाशी आलीस, पळी आवरलीस आणि पुढे गेलीस. मग मागून येऊन माझ्यापुढे लोणच्याची फोड ठेवलीस. वांग्यानं मला खाज सुटते हे नितीनलासुद्धा दरवेळी सांगावं लागतं.

म्हणजे तू मला ओळखलंस. मी कशाला आले तेही ओळखलं असशील. तरी वाढलंस. छाया, मला भयंकर राग आला. बसमध्ये वाटभर मी रागातच होते.

नितीनला सांगितलं, बस चुकली, गोदामापर्यंत गेलेच नाही. त्याचा विश्वास बसला असं वाटत नाही.

विजया

पांढुर्णा, २५ ऑगस्ट

छाया,

परवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार झाली, नदीच्या दोन्ही काठांवरून गोट्यांचा पाऊस. दुकान बंद होतं. दरवर्षी सांगते, जाऊ नको, तरी नितीन नदीत उतरलाच. सावरगावकडून आलेला गोटा खांद्यावर बसला. हाड वाचलं, पण हात वर जात नाही. हळद लावते, शेकते, आणि तो पडल्या पडल्या मला घोळात घेतो. "आई, हेमराजभाऊ रोज विचारून राहिला. तुले तुह्या पोरापरीस ते किरिस्ताव जास्त हायेत का?" शेवटी मीच म्हणाले, आधी हात बरा होऊ दे, महालक्ष्म्यांचं जेवण होऊ दे, मग पाहू. हेमराजला त्याच दिवशी जेवायला बोलावलं आहे. अर्ज लिहून आणेल, पंगत उठली की सही. पोटच्या पोराला किती टाळणार?

तुझं लांब पत्र मिळालं. ह्या वेळी बरं लिहिलंस. नागपूरच्या त्या मोठ्या मंडळींचं वाचून हसू आलं. तुमच्याच धर्माचे, धान्याचा ट्रक द्यायला तयार, फक्त जेवणाआधी भजन घ्या आणि फोटो पाठवा म्हणे. आणि तुमच्या हिरामणनं ट्रक परत पाठवला! म्हणजे तुमच्यातही हेमराज आहेत. तू लिहितेस, त्या दिवसापासून तुमच्याच मंडळीतली निम्मी माणसं त्याच्यावर रुसली आहेत, की गरिबाच्या तोंडचा घास ह्या म्हाताऱ्याच्या हट्टानं गेला. मला विचारशील तर ती बरोबर आहेत. ट्रक कोणी परत पाठवतं का? पण त्या पंगतीत मी बसून आले आहे. त्यानं माझ्या हातावर पाणी घातलं तेव्हा मला काही द्यावं लागणार आहे असं वाटलं नव्हतं. एवढंच लिहिते.

तुझ्या पत्रातला एक भाग मी परत परत वाचला. तो इथे उतरवून काढते, म्हणजे त्याच्याशी नीट भांडता येईल.

"ताई, आपल्या पायरीवरून कोणी रिकामं गेलं नाही, हे खरं आहे. पण आपण पायरीवरून द्यायचो आणि आत यायचो. मला पायरी उतरायची होती. माझा प्रभू वाढायला उभा नसतो ग. तो पंगतीत बसलेला असतो, भुकेला, मळक्या कपड्यांत. शेवटी तो मला एवढंच विचारणार आहे की मी भुकेला आलो होतो, ओळखलंस का? मला भीती त्या प्रश्नाची वाटते, पोलिसांची नाही."

आता माझं ऐक. पायरी उतरणाऱ्याला मागे घर असतं म्हणून उतरता येतं. ते घर मी सांभाळलं. आईचं दुखणं मी काढलं, दुकान मी चालवलं, तुझं शिक्षण त्याच दुकानातून झालं. भुकेल्याला ओळखलंस, फार छान. त्या वर्षी घरात पांढऱ्या कपाळानं बसलेली बहीण मात्र तुला ओळखू आली नाही. तुझा प्रभू हे विचारणार आहे की नाही?

उत्तर दे. गुडघ्याचं विचारू नकोस. दुखतो आहे.

विजया

पांढुर्णा, ३० ऑगस्ट

छाया,

तुझं उत्तर आलं. "विचारणार आहे, ताई. आणि माझ्याकडे उत्तर नाही." ह्यावर मी काय लिहू?

खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मी आधी पाहिलंच नाही. शेडवाल्यानं कुलूप लावलं. हेमराजची माणसं त्याच्याकडे जाऊन आली, त्याला म्हणाली, गोदाम जळालं तर आम्हाले विचारू नका. त्याचंही लेकराबाळांचं घर आहे, त्याचा काय दोष? चूल बंद. आणि तू रोज पाच वाजता त्या कुलपासमोर जाऊन उभी राहतेस, कारण लोक अजून येतात आणि दाराशी कोणी नसलं तर त्यांना वाईट वाटेल. पाच वाजता, भर पावसात, रिकाम्या हातानं! तू काय सांगतेस ग त्यांना? आज नाही, एवढंच ना? देवकाबाई येते का?

परवा हेमराजची माणसं तिथंही आली आणि हिरामणच्या अंगावर धावून गेली, तू मध्ये पडलीस, हे तू लिहिलं नाहीस. उर्वशीच्या फोनवर व्हिडिओ आला. कपाळाला काय लागलं आहे? आणि त्या घोळक्यात मागे, हात गळ्यात बांधलेला, नितीन उभा आहे. मी तो व्हिडिओ थांबवून पाहिला. माझाच मुलगा आहे. मावशीच्या कपाळातून रक्त येत असताना तो उभा होता. पुढे आला नाही, मागेही फिरला नाही.

घरात उद्या महालक्ष्म्या यायच्या आहेत. मुखवटे उजळले, साड्या काढल्या. उर्वशीला म्हणाले, ह्या वर्षी डाळ दुप्पट भिजव. ती म्हणाली, "पावने तं तेवढेच हायेत नं, आई?" मी म्हणाले, भिजव.

छाया, इतक्या पत्रांत तू एकदाही लिहिलं नाहीस की ताई, सही करू नको. लिहिलं असतंस तर मी रागानं केली असती. हे तुला माहीत होतं का?

विजया

सौंसर बसस्टँड, १ सप्टेंबर

छाया,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. हातात देणार आहे. गाडीवाला टायरमध्ये हवा भरतो आहे, तेवढ्यात लिहिते. बोलायचं नाही असं म्हणालेली आहे, म्हणून तुझ्यासमोर येऊन मी गप्प उभी राहीन. तू आधी हे वाच.

काल दोन्ही महालक्ष्म्यांना उभं केलं. थोरलीला हिरवी साडी, धाकटीला लाल. दरवर्षी शेजारी शेजारी उभ्या करते, पदर एकमेकींना लागतो, तो नीट करते. ह्या वर्षी पदर लावताना हात थांबला आणि मी तिथंच बसून रडले. नितीनला वाटलं, बाबांची आठवण आली.

आज दुपारी पंगत बसली. हेमराजला पहिल्या पाटावर बसवलं, पोटभर वाढलं. पाहुणा आहे, त्यात कसूर नको. हात धुवून त्यानं कागद काढला. म्हणाला, "मावशी, बाकी सगळं लिहिलं हाय. आमिष काय दाखवलं, तेवढं सांगा. ती जागा रिकामी हाय."

मी म्हणाले, "लिही. आमच्या छायाले हितं घर होतं, सोनं होतं, शाळेची नोकरी होती, महालक्ष्मीचा मान होता. तिथं तिले लोकाइची उष्टी भांडी भेटली न कपायात गोटा भेटला. याले तुह्या कायद्यात आमिष म्हनत असतीन तं लिही, मी आत्ता सही करतो."

हेमराजनं पेन खिशात ठेवलं. "मावशी, हे महागात पडन," म्हणाला आणि चप्पल घालून गेला. नितीन दुसऱ्या पंगतीला नुकता बसला होता, तो पहिला घास न घेताच उठला. महालक्ष्मीच्या दिवशी, भरल्या ताटावरून. दारातून म्हणाला, "आजपासून मी तुह्यासंगं बोलनार नाही." आपल्या घराण्यात ही एक बरी रीत आहे, कोणी भांडत नाही, सगळे शपथा घेतात. चेष्टा करते आहे. तो आज जेवला नाही.

मग मी परसातल्या खड्ड्याकडे गेले. कुदळ तिथंच होती. खड्डा तसाच रिकामा ठेवला आणि आत येऊन पुरणाचं पातेलं उचललं. एकटीला उचलेना. उर्वशीनं दुसरा कान धरला. म्हणाली, "आई, भातबी घ्या. पुरनपोयाईवर लेकराइचं पोट भरत नाही." सोळा भाज्या, आंबील, कढी, सगळं दुकानातल्या नव्या पातेल्यांत भरलं आणि गाडीत चढवलं. मग उंबरा ओलांडला.

खरं सांगू? मी तुझ्यासारखी शहाणी नाही. मला अजून वाटतं की त्या वर्षी लक्ष्मी घराबाहेर गेली आणि हे गेले. आज मी स्वतःच्या हातानं ती बाहेर काढली आहे. नितीन रागात मोटरसायकल घेऊन निघाला आहे, एका हातानं चालवतो आहे. त्याला काही झालं तर मी कोणाला जबाबदार धरू? दोघींसमोर हात जोडून म्हणाले, घेऊन जाते आहे, चोरून नाही, तुमच्या देखत. शिक्षा द्यायची तर मला द्या, पोराला नाही. तू तुझ्या प्रभूलाही सांग. ह्या बाबतीत मी कोणाचीही मदत घेईन.

तुझ्या धर्मात येत नाही, हे आधीच सांगते. हिरामणला म्हणावं, माझ्या हातावर फक्त पाणी घाल. आणि शेडला कुलूप असलं तर असू दे. चिंचेखाली पंगत बसते. पाऊस आला तर गाडीची ताडपत्री आहे. हेमराजची माणसं आली तर त्यांनाही बसव. येतील बहुतेक, गाडीच्या मागे दोन मोटरसायकली पांढुर्ण्यापासून दिसताहेत. त्यातली एक चालवणाऱ्याचा डावा हात गळ्यात बांधलेला आहे असं गाडीवाला म्हणतो. मी मागे वळून पाहिलेलं नाही. पाहिलं तर धीर सुटेल.

तो तोच असेल तर त्यालाही पत्रावळ मांड. सकाळपासून उपाशी आहे. मी बोलावलं तर बसणार नाही. तू बोलाव, तुझ्याशी न बोलायची शपथ त्यानं अजून घेतलेली नाही.

मी वाढायला उभी राहणार नाही. गुडघा साथ देत नाही, आणि खरं म्हणजे मला पंगतीतच बसायचं आहे. देवकाबाईशेजारी जागा ठेव. सोळा भाज्यांत वांगंही आहे, ते मला वाढू नकोस.

तुझी ताई